दुसऱ्यांदा छाती उघडताना

माझ्या बायकोच्या हृदयातली मायट्रल झडप २००९ साली पहिल्यांदा बदलली. कोणती झडप बसवायची हे तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. मी आणि माझ्या आईने रुग्णालयाच्या जिन्याजवळ उभं राहून ते ठरवलं. ती पलीकडच्या वॉर्डात होती, पूर्ण शुद्धीत होती, अठ्ठावीस वर्षांची होती. पुढे ती झडप निकामी झाली आणि २०२४ मध्ये छाती पुन्हा उघडावी लागली. त्या दुसऱ्या खेपेला मी ज्या चुका केल्या, त्या सगळ्यांचं मूळ मला त्या जिन्याजवळच्या बोलण्यात दिसतं.

तिचं माहेर गडहिंग्लजकडचं. लहानपणी तिला घसा धरून ताप यायचा, मग गुडघे आणि घोटे सुजायचे. वाढीच्या वयात पाय दुखतातच, असं म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. तो संधिवाताचा ताप होता. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी घसा धरतो आणि त्यांच्याशी लढताना शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटतं. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा धोका सर्वांत जास्त. निदान वेळेत झालं आणि दर एकवीस दिवसांनी पेनिड्यूरचं इंजेक्शन घेत राहिलं, तर पुढचं नुकसान टाळता येतं. तिला ते सुरू झालं तेव्हा फार उशीर झाला होता. निरोगी मायट्रल झडप चार ते सहा चौरस सेंटीमीटर उघडते. लग्नानंतर चार वर्षांनी इको काढला तेव्हा तिची एक चौरस सेंटीमीटरसुद्धा उघडत नव्हती. फुगा घालून झडप मोकळी करतात, पण तिच्या झडपेत कॅल्शियम साचलं होतं आणि गळतीही होती. त्यामुळे झडप बदलण्याशिवाय मार्ग नव्हता.

सर्जनने आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि आईला, दोन पर्याय सांगितले. एक यांत्रिक झडप. ती झिजत नाही, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती गोळी बाळाला अपाय करू शकते. दुसरी टिश्यूची, जनावराच्या ऊतीपासून केलेली. तिला जन्मभराची गोळी सहसा लागत नाही, बाळंतपण त्या मानाने सोपं जातं, पण तरुण माणसात ती लवकर खराब होते. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, असं सर्जन स्पष्ट म्हणाले होते. आई म्हणाली, "आधी मूल होऊ दे. पुढचं पुढं बघू." मला ते पटलं. मी वॉर्डात गेलो आणि बायकोला सांगितलं, "डॉक्टरांनी टिश्यूचा वॉल ठरवलाय."

डॉक्टरांनी काहीच ठरवलं नव्हतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी २००८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला होता. सज्ञान स्त्रीला भूल दिलेली असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिच्यावर मोठी शस्त्रक्रिया केली होती. तातडीचा प्रसंग नसताना आईची संमती चालत नाही, रुग्णाचीच लागते, असं न्यायालयाने म्हटलं. मी हे पुष्कळ उशिरा वाचलं. त्या खटल्यातली रुग्ण भुलीत तरी होती. माझी बायको जागी होती आणि मी काय सांगतो याची वाट बघत होती.

२०११ मध्ये आम्हाला मुलगी झाली. तिच्या येण्याने घरात जे झालं त्याला मी आज चूक म्हणणार नाही, आणि बायकोही म्हणत नाही. पण मुलीच्या आनंदाखाली मी जिन्याजवळचं बोलणं गाडून टाकलं आणि दहा-पंधरा वर्षांचा तो आकडाही त्याच्यासोबत गेला. दर वर्षी करायचा इको करोनाच्या दोन वर्षांत चुकला. नंतर ती शिवणक्लासचा जिना चढताना मध्येच थांबायला लागली. मी म्हणालो, "वजन वाढलंय तुझं, सकाळी चालायला जात जा." तिने ऐकलं. रोज सकाळी कराडमधल्या आमच्या घरापासून कृष्णेच्या घाटापर्यंत धापा टाकत ती जाऊन यायची आणि मी तिला शाबासकी द्यायचो. पायावर सूज दिसायला लागली, दोन उशा घेतल्याशिवाय झोप येईना, तेव्हा आम्ही पुण्याला गेलो.

झडप कडक झाली होती. फुप्फुसातला दाब वाढला होता आणि त्यामुळे उजवीकडची झडप गळायला लागली होती. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये जास्त धोका का, हे सर्जनने कागदावर चित्र काढून सांगितलं. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर छातीच्या मधल्या हाडामागे सगळं एकमेकांना चिकटून बसतं. हृदयाचा उजवा कप्पा हाडाला आतून चिकटलेला असेल, तर हाड कापतानाच तो फाटू शकतो. म्हणून आधी सीटी स्कॅन करून हाड आणि हृदय यांच्यात किती जागा उरली आहे ते बघतात. गरज वाटली तर छातीला करवत लावण्याआधीच मांडीतल्या रक्तवाहिन्यांमधून हार्ट-लंग मशीन जोडायची तयारी ठेवतात. बायको चित्राकडे बघत म्हणाली, "म्हणजे उसवून परत शिवलेल्या कापडासारखं. जुन्या टाक्याची जागा कधी फाटेल सांगता येत नाही." सर्जन म्हणाले, "अगदी तसंच." तिच्या या समजुतीकडे मी तेव्हा लक्षच दिलं नाही. पुढचा प्रश्न काय विचारायचा ते मी मनात जुळवत होतो.

मग सर्जनने जुनी फाइल चाळत सहज विचारलं, "अठ्ठाविसाव्या वर्षी टिश्यू कशी काय घेतलीत?" ती तोंड उघडायच्या आत मी बोललो, "तेव्हाच्या डॉक्टरांचा सल्ला होता." तिने माझ्याकडे बघितलं. मी फाइलकडे बघत राहिलो. आणि एवढं झाल्यावर मी तिला म्हणालो, "तू बाहेर बस, मी कागद घेऊन येतो." ती गेली. मी सर्जनना धोक्याचा आकडा विचारला. "त्यांनाही बोलवा की आत," ते म्हणाले. मी म्हटलं, "घाबरून जाईल ती." त्यांनी वय, मूत्रपिंडाचं काम, फुप्फुसातला दाब, आधीची शस्त्रक्रिया असं सगळं यूरोस्कोअर या धोका मोजणाऱ्या सूत्रात भरलं, त्यात स्वतःचा अनुभव मिळवला आणि सांगितलं, "शंभरात आठ ते दहा. म्हणजे तेवढ्यांचा जीव जातो." बाहेर येऊन मी तिला सांगितलं, "थोडा धोका सगळ्याच ऑपरेशनला असतो म्हणाले."

परतताना खंबाटकी उतरल्यावर ती म्हणाली, "तेव्हा दुसरा पण वॉल होता का हो?" मी म्हणालो, "मला आठवत नाही नीट." पंधरा वर्षांत मी हे इतकं सफाईदार करत आलो होतो की खोटं बोलताना आवाजही हलला नाही.

यानंतरची चूक सर्वांत महाग पडली, आणि तीच मी सर्वांत जास्त प्रेमाने केली. मी गणिताचा शिक्षक आहे. मी अभ्यासाला लागलो. छाती न उघडता, मांडीतल्या शिरेतून नळी घालून जुन्या टिश्यू झडपेच्या आत नवी बसवता येते असं कळलं. मी मुंबईला रिपोर्ट पाठवले, बंगळूरला पाठवले. प्रत्येक ठिकाणचं उत्तर जवळपास एकच होतं: उजवीकडची गळणारी झडपही दुरुस्त करायची आहे, वय बेचाळीस आहे, आत पुन्हा टिश्यूच बसवली तर काही वर्षांनी हाच प्रश्न उभा राहील, छाती उघडणं बरं. खर्चही आमच्या आवाक्यातला नव्हता. तरी मी थांबलो नाही. एका नातेवाइकाने सांगितलेल्या वैद्यांकडे गेलो, कुलदैवताला नवस बोललो, आणखी एका डॉक्टरांची वेळ घेतली. तिला वाटत असे की ठरलेली तारीख आता येईल. मी म्हणत असे, "जरा थांब, मी सगळं बघतोय." तिच्या आजाराची फाइल मी काखेत घेऊन फिरत होतो, आणि ती फाइल माझ्याजवळ आहे याचं मला समाधान वाटत होतं.

त्या काळात फुप्फुसातला दाब वाढत होता. एका पहाटे ती उठून बसली आणि तिला श्वास घेता येईना. तोंडातून फेसाळ थुंकी येत होती. कराडमध्येच ऑक्सिजन लावून, पाणी उतरवायची इंजेक्शनं देऊन तिला सावरलं आणि मग पुण्याला हलवलं. सर्जनने नवीन इको बघितला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आधी आला असतात तर बरं झालं असतं. आता पंधराच्या आसपास धरा." मी केलेल्या अभ्यासाने तिच्या धोक्यात एवढी भर घातली होती. हे वाक्य लिहिताना अजूनही हात थांबतो, पण ते खरं आहे.

तिला आकडा कळला तो भूलतज्ज्ञांकडून. ऑपरेशनआधीच्या तपासणीत त्यांनी मला बाहेर बसवलं, आणि तिने विचारलं तसं त्यांनी सरळ सांगितलं. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाली, "आणि तेव्हाचं?" खाली पोचेपर्यंत मी तेही सांगून टाकलं, आईचं, जिन्याचं, डॉक्टरांच्या नावावर खपवलेलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा म्हणेल, जाऊ दे, मीसुद्धा तीच झडप घेतली असती. तिने मला ती सुटका दिली नाही. "मी काय घेतला असता हे आता कसं सांगू?" ती म्हणाली. "तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी सर्जनशी ती एकटीने बोलली. मला नंतर तिनेच सांगितलं की तिने यांत्रिक झडप निवडली. तिने विचारलेले प्रश्न माझ्या वहीत कधीच आले नसते. शिवताना सुई बोटात गेली तर रक्त थांबेल का? थांबेल, जरा जास्त वेळ दाबून धरावं लागेल. झडपेचा आवाज येतो का? शांत खोलीत येतो, सवय होते. पायाने मशीन चालवता येईल का, आणि कधीपासून? छातीचं हाड जुळायला साधारण तीन महिने, तोवर कात्रीने जाड कापड कापायचं नाही. ती हिशेब करून आली होती. लग्नसराईच्या ब्लाउजांची कामं कुणाकडे द्यायची तेसुद्धा ठरवून आली होती. ती कामं मी याआधी परस्पर बंद करून टाकली होती, "आता विश्रांती घे" म्हणून. गिऱ्हाइकांना मी फोन केले होते. तिला घरात बसवून ठेवल्याने तिची धाप थांबली नव्हती, तिचे हात मात्र मी रिकामे करून टाकले होते.

घरी परतल्यावर ऑपरेशनची तारीख ठरली, दात तपासून झाले, रक्तदाते जमवून झाले. त्या दिवसांतली एक संध्याकाळ मला परत मिळाली तर हवी आहे. मुलगी क्लासला गेली होती. बायको एक शंभरपानी वही घेऊन बसली आणि म्हणाली, "जरा बसा. मी काही लिहून ठेवलंय." पहिल्या पानावर भिशीचे पैसे, कुणाची कापडं कुठल्या पिशवीत, बँकेचं लॉकर असं काही दिसलं. पुढच्या पानाचा मथळा मी वाचला आणि उठलो. "असलं अभद्र बोलायचं नाही. तू ठणठणीत होऊन परत येणार आहेस." टीव्ही लावला. तिने वही मिटली. मला तेव्हा वाटलं मी तिला धीर दिला. खरं म्हणजे मला ऐकवत नव्हतं, आणि माझी भीती झाकायला मी तिचं तोंड बंद केलं. ती वही तिने इचलकरंजीच्या बहिणीकडे दिली.

त्याच आठवड्यात ती रात्री मशीनवर बसून सुती गाऊन शिवत होती, पुढून उघडणारे. मी म्हणालो, "कशाला जिवाला त्रास, विकत मिळतात." तिने उत्तर दिलं नाही आणि शिवत राहिली.

ऑपरेशन दिवसभर चाललं. चिकटलेलं हृदय सोडवायलाच खूप वेळ गेला. नवी झडप बसली, उजवीकडची दुरुस्त झाली. रात्री छातीतल्या नळ्यांमधून रक्त जास्त यायला लागलं आणि तिला पुन्हा आत नेलं. पुढे मूत्रपिंडं मंदावली, डायलिसिस सुरू झालं, व्हेंटिलेटर निघेना. मी आयसीयूच्या बाहेर बसून नातेवाइकांच्या ग्रुपवर "प्रगती आहे" असं लिहीत होतो. मुलीला आईला बघायचं होतं, म्हणून मी तिला आत नेलं. नळ्या, सुजलेला चेहरा, अर्धवट उघडे डोळे बघून ती मागे सरली आणि पुढे कित्येक रात्री माझ्या आईजवळ झोपली.

आठवडाभराने अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. व्हेंटिलेटर लांबला तर गळ्यातून श्वासनळीला छेद द्यावा लागेल, म्हणाले. आणि विचारलं, "असं झालं तर काय करायचं, याबद्दल त्या कधी काही बोलल्या होत्या का?"

बोलायला बसली होती. मी टीव्ही लावला होता.

मी मेहुणीला फोन केला. तिने वही आणली आणि वाचून दाखवलं. डॉक्टरांना आशा आहे तोवर यंत्रावर ठेवा, घाई करून सोडू नका. डॉक्टरच नाही म्हणाले तर पोरीच्या नावाने ठेवलेले पैसे माझ्यावर घालू नका. पोरीला आयसीयूत आणू नका, तिचा आवाज फोनवरून ऐकवा, मला ऐकू येईल. हे एवढंच त्या दुसऱ्या पानावर होतं. एक गोष्ट मी आधीच मोडून बसलो होतो. मी डॉक्टरांना सांगितलं की छेद द्यायचा असेल तर द्या, तिचं म्हणणं असं आहे. त्या दिवसांत मी पहिल्यांदाच तिच्या वतीने खरोखर तिचं म्हणणं सांगत होतो, आणि तेही मला दुसऱ्याकडून मिळालं होतं. संध्याकाळी मुलीचा आवाज रेकॉर्ड करून तिच्या कानाशी लावला. छेद द्यावा लागला नाही. पुढच्या दिवसांत तिचा श्वास सुटा झाला, मूत्रपिंडंही हळूहळू चालू झाली.

घरी आणल्यावरही माझी खोड लगेच गेली नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीला पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व विरोध करतं, एवढं वाचून मी घरातली मेथी, शेपू, पालक सगळं बंद करून टाकलं. मायट्रल जागी यांत्रिक झडप असली की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, साधारण अडीच ते साडेतीन ठेवायचा असतो. तिचा वर गेला आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी समजावलं की पालेभाजी बंद करायची नसते, दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात खायची असते, म्हणजे गोळीचा डोस त्यावर बेतता येतो. आता आयएनआरची वही तिच्याकडे असते. रिपोर्ट तिच्या मोबाइलवर येतो. डोस बदलला की ती मला सांगते, कधी सांगायची विसरते, आणि ते चालतं.

२००९ बद्दल तिने माझ्या आईला काही विचारलेलं नाही. मी विचारलं. आई म्हणाली, "तिला वाईट वाटलं का?" आणि बराच वेळ गप्प बसली. दुसऱ्या दिवशी ती सुनेच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला दोघींपैकी कुणी सांगितलेलं नाही. मी विचारत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर तिला वाचायला दिलं. लिफ्टमधलं आणि आयसीयूतलं तिने तसंच ठेवायला सांगितलं. गाऊनचं मात्र अपुरं आहे म्हणाली, कुणा बाईच्या उपयोगी पडायचं तर नीट लिहा. तर तिने सांगितलं ते असं: पुढून पूर्ण उघडणारे किमान चार शिवून घ्यावेत, कारण छाती उघडल्यावर कितीतरी आठवडे हात डोक्यावर नेता येत नाही. कापड जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती. बटणं आणि हुक नकोत, एक्स-रेच्या वेळी अडचण होते, नाड्या लावाव्यात आणि त्या बाजूला याव्यात, जखमेवर नाही. बाही कोपरापर्यंत आणि सैल, सलाइनची सुई असताना घालता येईल अशी. आतून उजव्या बाजूला एक खिसा, म्हणजे छातीतल्या नळ्या निघाल्यावर फिरताना रुमाल ठेवता येतो. आणि गळा जिला जेवढा हवा तेवढाच ठेवावा, तो दुसऱ्या कुणी ठरवू नये.